प्रवासात नीट खाणं आणि घरी साधा स्वयंपाक, सल्ला हवाय

फिरस्ती :
नमस्कार मंडळी. कामामुळे महिन्यातले बारा-चौदा दिवस मी बाहेर असते आणि गेल्या दोन वर्षांत माझ्या खाण्याचे पार हाल झालेत. बाहेर असले की सकाळी हॉटेलातला बुफे, दुपारी मीटिंगच्या मध्ये काहीतरी पाकिटातलं, रात्री इतकी दमलेली असते की खोलीतच मागवते, आणि घरी आले की फ्रिज रिकामा म्हणून परत मागवतेच. मला खायला मनापासून आवडतं हो, नवीन गावात तिथलं काहीतरी चाखावं ही इच्छा अजून आहे, पण गेल्या वर्षी दोनदा पोट इतकं बिघडलं की आता धाडसच होत नाही.
दोन गोष्टी विचारायच्यात. एक, अनोळखी ठिकाणी चांगलं आणि सुरक्षित खाणं कसं शोधता? दुसरी, घरी अर्ध्या तासात होईल आणि तरी चवीला छान लागेल असं जेवण बनवायचं तर नेमकं काय शिकू? रेसिप्या ढिगाने आहेत माझ्याकडे, त्याने काही होत नाहीये.
आणि हो, पुढच्या महिन्यात तीन आठवडे डोंगरातल्या एका गावात राहायचंय, उंची साधारण ३००० मीटर, खोलीत एक शेगडी आणि छोटा फ्रिज आहे. तिथे स्वतः शिजवावं का?

रातराणी :
पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर अगदी सोपं. "इथे चांगलं कुठे मिळतं?" असं विचारू नका, लोक मग पाहुण्यांना दाखवायची जागा सांगतात. "तुम्ही स्वतः दुपारी कुठे जेवता?" असं विचारा, रिक्षावाल्याला, दुकानदाराला, ऑफिसात चहा आणून देणाऱ्याला. फरक लगेच कळतो. पदार्थांची यादी छोटी असलेल्या जागा बघा, चार-पाच पदार्थ करणारा माणूस ते रोज ताजे करतो, दीडशे पदार्थांची यादी असेल तर अर्धं कुठूनतरी डब्यातून येतंय हे धरून चाला. आणि तिथल्या लोकांच्या जेवायच्या वेळेला जा, तुमच्या नाही. गर्दी असली की पातेलं लवकर रिकामं होतं, म्हणजे अन्न पडून राहत नाही.
मी मुख्य जेवण दुपारी करते, रात्री हलकं. दुपारचं बहुतेक ठिकाणी ताजं असतं आणि नवीन काही खाल्लं तर पोटाला रात्रीपर्यंत वेळ मिळतो.

मिठाचा_खडा :
रातराणींना अनुमोदन, पण पोटाच्या बाबतीत गर्दीवर पूर्ण भरवसा ठेवू नका. खरा मुद्दा तापमानाचा आहे. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात, म्हणून अन्न एकतर वाफाळतं गरम हवं नाहीतर नीट थंड, कोमट पडून राहिलेलं नको. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर राहिलं असेल तर मी हात लावत नाही, आणि कडक उन्हाळ्यात तर एकच तास. या हिशोबाने रस्त्यावर समोर कढईतून काढून दिलेलं हे हॉटेलातल्या चकचकीत बुफेपेक्षा जास्त सुरक्षित असू शकतं. मी स्वतः आजारी पडलो तो एका भारी हॉटेलातच, बुफेतला भात खाऊन. भाताचं लोकांना माहीत नसतं, कच्च्या तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की जागे होऊन विष तयार करतात आणि ते विष परत गरम करून जात नाही. घरीसुद्धा उरलेला भात पसरट भांड्यात काढून तासाभरात फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवून टाका, आणि परत परत गरम करू नका.
बर्फ. पाणी बाटलीबंद घेतो आणि त्यात बर्फ मात्र कुठल्याही पाण्याचा टाकून घेतो, ही चूक मी पुष्कळ जणांची बघितलीये. गोठवल्याने जंतू मरत नाहीत. चिरून ठेवलेली फळं, कच्च्या पानांचं सॅलड हे पण पाण्यावर अवलंबून, त्यापेक्षा स्वतः सोलायची फळं घ्या.
पाणी उकळायचं असेल तर खळखळून एक मिनिट पुरतं, पण २००० मीटरच्या वर तीन मिनिटं उकळा, तुम्हाला ३००० वर जायचंय म्हणून मुद्दाम सांगतोय.
आणि एवढं करूनही बिघडलंच तर ओआरएसची पाकिटं जवळ असू द्या. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. मीठ अंदाजाने जास्त टाकायचं नाही, मोजूनच. ताप किंवा रक्त असेल तर घरगुती उपाय सोडून सरळ डॉक्टर.

कपबशी :
खूप तिखट लागलं तर पाणी पिऊ नका, दूध किंवा दही घ्या. तिखटपणा ज्याने येतो ते कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाण्याने ते तोंडभर पसरतं फक्त.

एकला_चालो :
मी वेगळं मत मांडतो. प्रवासात स्वयंपाक करूच नका. नवीन गावात जाऊन खोलीत डाळ शिजवत बसायचं तर गेलातच कशाला? मी तीस-पस्तीस दिवस सलग बाहेर राहिलोय, रोज बाहेर जेवलोय, आणि प्रत्येक ठिकाणची आठवण मला जेवणावरूनच येते.

रातराणी :
@एकला_चालो, फिरायला गेल्यावर पटतं तुमचं. पण ही बाई महिन्यातले चौदा दिवस कामासाठी बाहेर आहे. कामावरून दमून आल्यावर रोज नवीन जागा शोधणं ही मजा राहत नाही, ते पण कामच होतं. माझा हिशोब असा की दिवसातलं एक जेवण लक्ष देऊन बाहेर, बाकीची दोन साधी आणि आपल्या हातची. मग ते एक जेवण खरंच चाखलं जातं.

दोन_चमचे_तेल :
दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, लांबेल. फिरस्ती, तुम्ही म्हणालात रेसिप्यांनी काही होत नाही, बरोबर आहे, कारण रेसिपी एका पदार्थापुरती असते. त्यापेक्षा तीन-चार क्रिया शिका, मग घरात जे असेल त्याचं जेवण होतं.
पहिली क्रिया म्हणजे खरपूस करणं. आपण भाजी बनवतो आणि ती उकडल्यासारखी का लागते? कारण पॅनमध्ये पाणी आहे. पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभरच्या वर जात नाही, आणि अन्न तपकिरी होऊन जो खमंग वास येतो ती क्रिया १४० अंशांच्या आसपास जोर धरते. मेयार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिच्यावर लिहिलं म्हणून त्याचंच नाव तिला आहे. याचा स्वयंपाकघरातला अर्थ एवढाच की भाजी धुतली की कोरडी पुसा, पॅन आधी नीट तापवा, आणि पॅनमध्ये गर्दी करू नका. पॅन भरून टाकलं की सगळ्यातून पाणी सुटतं आणि ते त्या पाण्यात शिजत बसतं. दोन वेळा करा, पाच मिनिटं जास्त लागतील पण चव कुठल्या कुठे जाते. आणि टाकल्यावर लगेच ढवळू नका!! दोन मिनिटं हात बांधून उभे राहा. मला सगळ्यात जास्त वेळ हेच शिकायला लागला.
दुसरी, मीठ. मीठ पाणी ओढून काढतं, त्यामुळे जे खरपूस हवंय त्यात मीठ शेवटी, आणि जे मऊ करायचंय, म्हणजे कांदा वगैरे, त्यात सुरुवातीला.
तिसरी, आंबट शेवटी. चव सपाट लागली की आपण मीठ वाढवत जातो, खरं तर थोडं लिंबू पिळायची गरज असते. आणि डाळ मऊ व्हायच्या आधी त्यात टोमॅटो किंवा चिंच घालू नका, आंबटाने ती शिजायला खूप वेळ लावते.
आता अर्ध्या तासाचं जेवण. एका शेगडीवर भात, दुसरीवर पॅनमध्ये जी भाजी असेल ती खरपूस, वरून एक अंडं, लिंबू. झालं. अंडं उकळत्या पाण्यात सोडून सात मिनिटं, मग थंड पाण्यात, पिवळं मधोमध मऊ राहतं. महिनाभर हेच भाज्या बदलून करा, कंटाळा येणार नाही, कारण कोबी खरपूस झाला की तो गोड लागतो आणि मशरूमची चव मटणाच्या अंगाने जाते, दोन्ही जेवणं एक वाटतच नाहीत.
घरी कायम काय असावं? तांदूळ, डाळ, अंडी, कांदे, बटाटे, लसूण, लिंबू, फ्रीझरमध्ये मटार. पंधरा दिवसांनी परत आलात तरी यातलं बरंचसं चांगलं असतं, म्हणजे "फ्रिज रिकामा" हे कारण संपलं. बटाटे आणि कांदे शेजारी ठेवू नका मात्र, लवकर खराब होतात.

कपबशी :
मशरूमबद्दल +१. टोमॅटो, मशरूम यांत ग्लुटामेट असतं, म्हणून ते घातलं की साध्या गोष्टीला भरीवपणा येतो. ही चव, उमामी, जपानच्या किकुनाए इकेदांनी १९०८ मध्ये समुद्री वनस्पतीच्या सूपवरून शोधून काढली. विमानातलं जेवण फिकं का लागतं तेही याच्याशी जोडलेलं आहे बरं का. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने कमी दाबाच्या कक्षात विमानाच्या केबिनमध्ये लोकांना जेवायला घालून बघितलं, मीठ आणि साखर कमी जाणवते, टोमॅटोचा रस मात्र जमिनीपेक्षा चांगला लागतो. तेव्हा विमानातल्या जेवणावरून स्वयंपाक्याला बोल लावू नका, आणि लांबच्या प्रवासात पाणी भरपूर प्या, केबिनची हवा फार कोरडी असते.

उंबरठा :
उंचीवर मी चार वर्षं राहिलोय म्हणून लिहितो. ३००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपास उकळतं, साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी होतो. आता होतं काय, भाज्यांना धरून ठेवणारं पेक्टिन ८५ च्या पुढेच नीट विरघळायला लागतं, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम पाच अंश उरतात. बटाट्याला नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ लागतो, डाळ तर विचारूच नका. गॅस मोठा करून काही उपयोग नाही, पाणी नुसतं जोरात उडतं, तापमान तेवढंच.
उपाय एकच, छोटा प्रेशर कुकर. दोन लिटरचा बॅगेत मावतो, आत मोजे भरून न्या. तिथेसुद्धा कुकरच्या आत ११५ अंशांपर्यंत जातं, समुद्रसपाटीला १२० जातं, म्हणून नेहमीपेक्षा थोड्या जास्त शिट्ट्या धरा.
अंड्याला काळजी नाही, पिवळं सत्तरच्या आत-बाहेर आणि पांढरं ऐंशीच्या आसपास घट्ट होतं, फक्त सातच्या जागी नऊ-दहा मिनिटं द्या.
राजमा मात्र उंचीवर कुकरशिवाय अजिबात नको. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो, तो जायला रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, मग किमान दहा मिनिटं शंभर अंशांना उकळावा लागतो. तिथे पाणी शंभरला जातच नाही. अर्धवट शिजलेले चार-पाच दाणेसुद्धा उलट्या करायला पुरतात.

फिरस्ती :
बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. कुकर नक्की. एक शंका, माझ्याकडे विजेवर चालणारा छोटा भाताचा कुकर आहे २३० व्होल्टचा, तो ११० व्होल्ट असलेल्या देशात चालेल का? एक दौरा तसा पण आहे.

उंबरठा :
पिन बदलून लागेल, पण शिजणार नाही. व्होल्टेज अर्धं झालं की उष्णता पावपट होते, निम्मी नाही. तांदूळ कोमट पाण्यात भिजत पडेल आणि वर भाताचं जे सांगितलंय ते सगळं होईल. उलटं, म्हणजे ११० वाला २३० ला लावलात तर चौपट उष्णता, जळेल, आग लागू शकते. दोन्ही व्होल्टेजचा मिळतो तो घ्या.

फिरस्ती :
(महिन्याने)
तीन आठवडे करून परत आले, सांगायलाच हवं म्हणून लिहितेय. पोट एकदाही बिघडलं नाही. सकाळी फळ आणि अंडी, रात्री कुकरमध्ये डाळ-तांदूळ एकत्र आणि जी मिळेल ती भाजी, आणि दुपारचं जेवण रोज बाहेर. पहिल्या दिवशी ऑफिसातल्या मुलाला विचारलं तू कुठे जेवतोस, त्याने बसस्टँडच्या मागे एका काकूंकडे नेलं, तीनच पदार्थ असायचे आणि दीड वाजता सगळं संपायचं. मी एकवीसपैकी सतरा दिवस तिथेच जेवले, एकला_चालो रागावतील कदाचित, पण मला रोज नवीन जागेची गरजच वाटली नाही.
त्या काकूंचा कांदा इतका गोड असायचा की शेवटी मी आत जाऊन बघायची परवानगी मागितली. त्या कांदा सुरुवातीला तेलात घालतच नाहीत. चिरलेला कांदा, थोडं पाणी, मीठ, वर झाकण. पाणी आटून कांदा पार मऊ झाला की मग झाकण काढून तेल, आणि मग परतायचा. काठ करपत नाहीत आणि वेळ मला तरी निम्मा लागला. दोन_चमचे_तेल यांनी सांगितलेलं पाणी असेपर्यंत रंग येत नाही ते डोळ्यांनी दिसलं.
परवा रात्री साडेनऊला घरी पोचले, बॅग तशीच टाकली, कांदा असा केला, फ्रीझरमधले मटार, दोन अंडी फोडून झाकण. दहा वाजून दहा मिनिटांनी जेवत होते.

दोन_चमचे_तेल :
वा!! हे मलाही माहीत नव्हतं, उद्याच करणार. पाणी साधारण किती, आणि कांदा उभा की बारीक?

फिरस्ती :
उभा, पातळ. तीन मोठ्या कांद्यांना अर्धी वाटी पाणी. झाकण काढल्यावर मध्यम आचेपेक्षा जास्त नको, आणि बुडाला तपकिरी धरलं की चमचाभर पाणी टाकून ते खरवडून घ्यायचं, काकू तसं तीन वेळा करायच्या.