‘दर तिसरा’, ‘दोनाआड’ की ‘तीनच्या पावलाने’?

प्रश्न : मराठी माध्यमाच्या मुलांना पायथन ही संगणकाची भाषा शिकवते. यादी दिली होती : [10, 20, 30, 40, 50, 60, 70]. ‘दर तिसऱ्या घटकाच्या जागी शून्य टाका’ असं सांगितलं. बहुतेकांनी 30 आणि 60 घालवले, काहींनी 10, 40 आणि 70. एकाने 10 आणि 50 पुसले, वर म्हणतो, ‘बाई, मधले तीन सोडले ना!’ यातल्या कुणाचंही मराठी सरसकट चूक म्हणवत नाही. मग नेमका शब्द कुठला वापरावा?

प्रतिसाद : बाई, ‘आड’मध्ये गाळलेले मोजतात, ‘दर’मध्ये धरलेलाही मोजतात. दिवसाआड पाणी म्हणजे आज आलं, उद्या नाही, परवा येणार. एकच दिवस गाळला, पण पाऊल पडलं दोनचं. त्या हिशेबाने तीनचं पाऊल म्हणजे ‘दोनाआड एक’. तुमच्या त्या मुलाने ‘तिनाआड’ ऐकलं असणार. ‘तीनच्या अंतराने’ मात्र टाळाच, त्यात मधले मोजायचे की टोकही धरायचं यावर मोठी माणसंसुद्धा भांडतात.

प्रतिसाद : या घोळाचं मूळ जुनं आहे. आपल्याकडे दोन्ही टोकं धरून मोजायची सवय. आठवडा सात दिवसांचा, पण नावात आठ. ‘आठ दिवसांनी या’ म्हटलं की सोमवारचा माणूस पुढच्या सोमवारीच येतो, मंगळवारी नाही. आयुर्वेदातला तृतीयक ज्वर बघा : एक दिवस सोडून येतो, म्हणजे ४८ तासांनी. चतुर्थक ७२ तासांनी. नावात तीन, पाऊल दोनचं! वैद्याने तापाचा पहिला दिवसही मोजला, म्हणून.

प्रतिसाद : शब्द कुठलाही घ्या, सुरुवात सांगितल्याशिवाय काम अर्धवटच. ‘दर तिसरा’ म्हटल्यावर मोजणी पहिल्यापासून करून तिसऱ्यावर थांबायचं, की पहिल्यालाच धरून पुढे जायचं? पायथनला दोन्ही वेगवेगळं सांगावं लागतं (कंसात आधी सुरुवात, शेवटी पाऊल) :

यादी[2::3] → 30, 60
यादी[::3] → 10, 40, 70

तिसरा घटक क्रमांक 2 वर बसतो, कारण मोजणी शून्यापासून. (यादी हे नाव पायथन ३ ला देवनागरीतही चालतं, आकडे मात्र इंग्रजीच लागतात.) तेव्हा ‘तिसऱ्यापासून तीन-तीनच्या पावलाने’ असं पूर्ण वाक्य म्हणा. ‘पायरी’ नको, तो शब्द उत्तराच्या पायऱ्यांसाठी आधीच अडकलाय.

आणि बदलताना आणखी एक अडेल. यादी[2::3] = 0 चालत नाही, उजवीकडे यादी किंवा तिच्यासारखी घटकांची माळ हवी, सुटा आकडा नाही. [0] लिहिलं तरी अडतं, कारण जागा दोन आणि शून्य एकच. [0, 0] द्यायचं. कित्येक मुलं इथेच वैतागतात. त्यापेक्षा सुरुवातीला फॉर लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारी आज्ञा) आणि रेंज (ठरावीक पावलाने आकडे देणारी) बरं : 2 पासून, यादीच्या लांबीपर्यंत, 3 च्या पावलाने, आणि आत एका वेळी एकच घटक शून्य करायचा. कितीही लांब यादी आली तरी शून्यं मोजत बसायला नको.

प्रश्नकर्ती : ‘पाऊल’ पटलं, घेतलं. पण मग यादी[::-2] ला काय म्हणू? ‘उणे दोनचं पाऊल’ मुलांच्या तोंडात बसणार नाही.

प्रतिसाद : ‘शेवटापासून एकाआड एक’. सरळ मराठी आहे. मिळतात 70, 50, 30, 10, त्याच क्रमाने. त्यांच्या जागी [1, 2, 3, 4] भरलंत तर 1 जाऊन बसतो 70 च्या जागी, 10 च्या नव्हे. हे फळ्यावर आधी करून दाखवा, मगच संगणकावर.