पाठ असलेले गाणे समोर ऐकताना

महाविद्यालयात आल्यापासून नवे संगीत हा माझ्या आठवड्याचा आधार झाला आहे. शुक्रवारी नवी गाणी येतात, रविवारपर्यंत ती पाठ होतात आणि सोमवारी उपाहारगृहात त्यांच्यावर वाद होतात. परंतु इअरफोनमधून पाठ झालेले गाणे आणि तेच गाणे गाणाऱ्याच्या समोर उभे राहून ऐकणे, या दोन गोष्टी मला आता एक वाटत नाहीत. म्हणून सर्वांना विनंती आहे की आपण कोणाकोणाला पाहिले याची यादी न देता, समोर ऐकताना त्या संगीतात असे काय सापडले जे आधी कधीच ऐकू आले नव्हते, ते लिहावे. काळाचे, भाषेचे आणि वयाचे बंधन नाही. सुरुवात मी माझ्या अनुभवाने करते.

पुणे, विज्ञान शाखेचे दुसरे वर्ष

२२ सप्टेंबर २०२४ हा रविवार होता. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची तिकिटे दुपारी बारा वाजता खुली होणार होती आणि आमच्या वसतिगृहात अकरापासूनच सहा जणी मिळेल तो फोन आणि मिळेल तो लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. रांगेतला माझा क्रमांक लाखांच्या घरात होता. १८ आणि १९ जानेवारीची तिकिटे बघता बघता संपली, मग त्याच दिवशी २१ जानेवारीचा तिसरा कार्यक्रम जाहीर झाला, आणि त्यातली अडीच हजार रुपयांची, म्हणजे सर्वांत कमी दराची, दोन तिकिटे आमच्या मजल्यावर आली. सहा जणींत चिठ्ठ्या टाकल्या आणि एका चिठ्ठीवर माझे नाव निघाले. आठवीतल्या दोन मुलांना मी गणित शिकवत होते. त्या शिकवणीचे पैसे मी तिकिटाला आणि प्रवासाला लावले, आणि त्यातला एकही रुपया वाया गेला असे मला आजही वाटत नाही.

२१ तारखेला मंगळवार होता. सकाळी प्रयोगवहीवर सही घेतली, एसटीने पनवेल गाठले आणि तिथून हार्बरची लोकल पकडली. नेरूळला उतरल्यावर डी. वाय. पाटील स्टेडियमचा रस्ता कोणालाही विचारावा लागला नाही, कारण सगळे स्थानक एकाच दिशेने चालत होते. आमची जागा सर्वांत वरच्या मजल्यावर होती, जिथून रंगमंचावरची माणसे बोटाच्या पेराएवढी दिसत होती. प्रवेश करताना प्रत्येकाच्या मनगटावर दिव्याचा पट्टा बांधला होता, जो गाण्याबरोबर आपोआप रंग बदलतो आणि कार्यक्रम संपल्यावर परत द्यायचा असतो. ‘यलो’ हे त्यांचे २००० सालचे गाणे सुरू झाले तेव्हा सगळे स्टेडियम पिवळे झाले. ते गाणे माझ्या जन्माच्या आधीचे आहे आणि मी ते शाळेत असल्यापासून ऐकत आले आहे.

तरीही त्या रात्री मी जे ऐकले ते नवे होते. खाली मैदानात उभे असलेले हजारो लोक गात होते आणि त्यांचा आवाज आमच्यापर्यंत किंचित उशिरा पोहोचत होता, त्यामुळे प्रत्येक ओळ मला दोनदा ऐकू येत होती, एकदा ध्वनिक्षेपकातून आणि लगेच पाठोपाठ माणसांच्या तोंडून. इअरफोनमध्ये ते गाणे एका माणसाने एका माणसासाठी म्हटलेले वाटते; तिथे ते अनेकांनी एकमेकांसाठी धरून ठेवलेले होते. गायक मध्येच थांबला तेव्हा गाणे थांबले नाही, आणि ते चालू ठेवणाऱ्यांत माझाही आवाज होता. बासचा सूर कानाआधी पायाखालच्या काँक्रीटमधून येत होता, हेही मला तिथेच कळले. खारघरला मावशीच्या घरी पोहोचले तेव्हा माझा घसा इतका बसला होता की तिने काहीही न विचारता गरम पाणी आणून दिले.

लातूर, वाणिज्य शाखेचे पहिले वर्ष

मला तिकीट मिळाले नाही. मात्र कोल्डप्लेचा २६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम थेट प्रक्षेपित झाला आणि आम्ही वीस-पंचवीस मुलांनी तो वसतिगृहाच्या खाणावळीत, भिंतीवर पांढरी चादर लावून पाहिला. इतके दिवस मी ही गाणी एकट्याने ऐकत असे, कारण माझ्या खोलीतल्या कोणाला ती आवडतात हे मला ठाऊकच नव्हते. त्या रात्री शेजारच्या खोलीतला मुलगा शब्द न् शब्द म्हणत होता. आता आम्ही दोघे मिळून नवी गाणी ऐकतो. समोर ऐकण्याचा हा अनुभव मानावा की नाही, हे सर्वांनी ठरवावे. मी तो मानतो.

ठाणे, ध्वनी अभियांत्रिकीचा विद्यार्थी

पहिल्या अनुभवात ओळ दोनदा ऐकू आल्याचा उल्लेख आहे, त्यावर थोडे लिहितो, कारण सुट्ट्यांमध्ये मी एका साउंडवाल्याकडे काम करतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे रंगमंचापासून १०० मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला पडद्यावर ड्रमवर पडणारी काठी आधी दिसते आणि ठोका कान ओळखेल इतक्या, सुमारे ०.३ सेकंदाच्या अंतराने ऐकू येतो. मोठ्या मैदानात मध्यावर आणखी ध्वनिक्षेपक उभारतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, म्हणजे पुढून आलेला आणि मधून आलेला आवाज एकमेकांत मिसळतो. श्रोत्यांच्या गाण्याला मात्र असा उशीर लावता येत नाही. ते आपल्या वेळेने येते, आणि मला तो त्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

कामाला लागण्यापूर्वी मी नेहमी सर्वांत पुढे, कठड्याला टेकून उभा राहत असे. आता मी तिकीट काढून गेलो तर मिक्सिंगचा कन्सोल, म्हणजे सगळे आवाज कमी-जास्त करून एकत्र जुळवण्याचे यंत्र, जिथे असतो, त्याच्या शेजारी जागा धरतो, कारण तिथे बसलेला माणूस स्वतःच्या कानांना जे योग्य वाटते तेच सगळ्या मैदानाला देत असतो. पुढच्या रांगेत चेहरा दिसतो. कन्सोलपाशी गाणे पूर्ण ऐकू येते. एका सराव-चाचणीत मी गायिकेचा आवाज बंद ठेवून केवळ साथ ऐकली आणि तीन वर्षे ऐकत आलेल्या गाण्यात हार्मोनियमचा एक बारीक धागा असल्याचे मला प्रथमच समजले.

कानांविषयी कळकळीने सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीची १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली आहे, परंतु ध्वनिक्षेपकाच्या अगदी जवळ उभे राहणाऱ्याच्या कानांवर त्याहून जास्त आवाज पडू शकतो. कानात घालायचे बोळे औषधांच्या दुकानात मिळतात. कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशीही कानात शीळ वाजत असेल तर ती आठवण म्हणून मिरवू नये, ती इजा आहे.

अमरावती, कला शाखेचे तिसरे वर्ष

माझा अनुभव ऐकण्याचा कमी आणि ऐकवण्याचा जास्त आहे. मी वऱ्हाडीत रॅप लिहितो. आमच्याच अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘हंड्रेड आरबीएच’ या नावाने दूरचित्रवाणीवरच्या रॅप स्पर्धेत उतरला आणि आमची बोली देशभर ऐकली गेली, त्या दिवसापासून मी वही धरली. वऱ्हाडी बीटवर बसते याचे कारण मला शब्दांच्या लांबीत दिसते. प्रमाण मराठीत ‘राहिलो आहे’ म्हणायला पाच अक्षरे लागतात, आमच्याकडे ‘रायलो’ म्हटले की काम होते आणि उरलेली जागा पुढच्या शब्दाला मिळते.

गॅदरिंगमध्ये पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा एक मोठा धडा मिळाला. खोलीत ध्वनिमुद्रण करताना मी दोन-दोन ओळी तोडून म्हणत होतो आणि नंतर जोडत होतो. मंचावर त्या सोळा ओळी सलग म्हणायच्या होत्या आणि श्वास घ्यायला मी कुठे जागाच ठेवली नव्हती. नवव्या ओळीला माझा आवाज संपला. त्या क्षणी समोरच्या मुलांनी ओळीचा शेवटचा शब्द स्वतः म्हटला, कारण त्यांना तो फोनवरून पाठ होता, आणि मला श्वास मिळाला. पुढच्या वर्षी मी मित्राला सोबत घेतले, जो ओळीचे शेवटचे शब्द माझ्याबरोबर उचलतो, आणि लिहितानाच प्रत्येक चौथ्या ओळीत श्वासाची जागा सोडू लागलो. नामांकित रॅपरही मंचावर शेजारी एक माणूस का ठेवतात, हे मी कितीतरी चित्रफिती पाहूनही ओळखले नव्हते.

नाशिक, औषधनिर्माणशास्त्राचे दुसरे वर्ष

थोडक्यात लिहिते. मागच्या उन्हाळ्यात एका कार्यक्रमाच्या दारावर आमच्या पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या, आत पिण्याच्या पाण्याचा एकच नळ होता आणि माझ्या मैत्रिणीला चक्कर आली. ज्या गायिकेसाठी आम्ही सहा तास थांबलो होतो तिची पहिली चार गाणी मी प्रथमोपचाराच्या तंबूत बसून, कापडाच्या पलीकडून ऐकली. आवाज तोच होता, तरी ते ऐकणे नव्हते. विद्यार्थी तिकिटासाठी महिनोन्महिने पैसे साठवतात, त्यांना किमान पाणी मिळाले पाहिजे.

पुणे, माजी विद्यार्थी, अभियांत्रिकी २०१२

आमच्या काळी ‘नवे’ संगीत आमच्यापर्यंत जुने होऊन येत असे. मोठ्या भावाच्या मित्राने भरून दिलेल्या सीडीवरून मी मेटॅलिका या अमेरिकी मेटल बँडचे संगीत ऐकायला शिकलो, तेव्हा त्यातले अल्बम वीस वर्षांचे झाले होते, पण माझ्यासाठी ते त्या आठवड्यात आलेले होते. ऑक्टोबर २०११ मध्ये ते प्रथमच भारतात येणार असल्याचे कळल्यावर आम्ही चौघांनी बंगळूरूची तिकिटे काढली. २८ तारखेचा गुरगावचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाल्याची बातमी आली तेव्हा आमच्या बसची तिकिटे खिशात होती. जावे की नाही यावर रात्रभर चर्चा झाली आणि शेवटी, रद्द झाले तर बंगळूरू पाहून परत येऊ, असे ठरवून आम्ही निघालो.

३० ऑक्टोबरला पॅलेस ग्राउंड्सवर ते खरोखरच आले. पहिल्या गिटारच्या झटक्याला माझ्या शेजारचा एक अनोळखी मुलगा रडू लागला आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला तोपर्यंत हे संगीत रागाचे वाटत होते, कारण घरी ते दार लावून, एकट्याने ऐकावे लागे. समोर ऐकताना त्यातली शिस्त लक्षात आली. इतक्या वेगात बँडमधले चौघेही एका ठोक्यावर थांबत, पूर्ण शांतता होई आणि पुन्हा एकाच ठोक्यावर सुरू होत. ती शांतता सीडीवर अर्ध्या सेकंदाची रिकामी जागा होती. मैदानावर ती हजारो लोकांनी रोखलेला श्वास होती.

पुणे, एका विद्यार्थिनीची आई

मी या वयात लिहावे की नाही असा विचार करत होते, परंतु वयाचे बंधन नाही म्हटल्यामुळे लिहिते. ३० जानेवारी २०२५ रोजी बिबवेवाडीत यश लॉन्सवर इंग्लिश गायक एड शीरन यांचा कार्यक्रम झाला, तेव्हा मुलीच्या सोबतीला मी गेले. माझे कान सवाई गंधर्व महोत्सवावर वाढले आहेत. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेल्या त्या महोत्सवाला वडील मला रमणबागेत नेत असत. सतरंजी, शाल आणि चहाचा थर्मास घेऊन आम्ही भारतीय बैठकीत रात्र काढत असू आणि पहाटे पंडितजींचे गाणे ऐकून घरी परतत असू.

त्यामुळे एकटा माणूस एक गिटार घेऊन हजारो लोकांसमोर उभा राहिला तेव्हा हा आता काय करणार, असे मला वाटले. त्याने गिटारच्या लाकडावर थाप मारली आणि पायाने एक कळ दाबली. ती थाप फिरून फिरून वाजू लागली. मग तिच्यावर त्याने तारा छेडल्या, त्याही फिरू लागल्या, आणि त्या सर्वांवर त्याने स्वतःच्याच आवाजाचे दोन-तीन पदर चढवले. मुलीने सांगितले की ध्वनिमुद्रणे आधी करून आणलेली नाहीत, तो ती तिथल्या तिथे तयार करतो. मला एकदम ओळखीचे वाटले. आधी तानपुरा मिळवायचा, मग त्यात आपला षड्ज लावायचा आणि मग एकेक स्वर मांडत राग वाढवत न्यायचा, हे मी आयुष्यभर ऐकत आले आहे. त्याची मांडणी वेगळी आणि झटपट आहे, रागविस्ताराशी तिची बरोबरी मी करणार नाही. तरी गाणे श्रोत्यांच्या डोळ्यांदेखत शून्यातून उभे करण्याचे धैर्य तेच आहे. येत्या डिसेंबरात मुलगी माझ्याबरोबर सवाईला येणार आहे, आणि तिने हे आपणहून सांगितले.

पंढरपूर, सध्या मुंबईत पदव्युत्तर शिक्षण

माझे वडील भजनात पखवाज वाजवतात. मुंबईत आल्यावर मी ‘अभंग रिपोस्ट’ या बँडची गाणी ऐकू लागलो, ज्यात संतांचे अभंग गिटार, बास आणि ड्रम यांच्यासह येतात. घरी मी याविषयी बोललो नव्हतो, कारण वडिलांना ते रुचणार नाही असे मी गृहीत धरले होते. ते मुंबईला आले असताना मी त्यांना एका महाविद्यालयात अशाच अभंग वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बँडच्या कार्यक्रमाला नेले.

पहिली दोन गाणी ते हात बांधून उभे होते. तिसऱ्या अभंगाला त्यांची बोटे मांडीवर चालू लागली. ड्रम वाजवणारी मुलगी भजनी ठेक्याच्या आठ मात्रा पायाच्या ड्रमवर आणि झांजांवर वाटून वाजवत होती, हे त्यांनी मला कानात सांगितले तेव्हा माझ्या लक्षात आले. कित्येक महिने तेच अभंग ऐकूनही मला त्यात केवळ रॉकचा ठोका ऐकू येत होता. कार्यक्रमानंतर ते सरळ मंचामागे गेले आणि त्यांनी त्या मुलीला, सहाव्या मात्रेवर हात किंचित हलका ठेवलास तर टाळ मोकळे वाजतील, असे सांगितले. तिने लगेच ड्रमवर बसून ते करून पाहिले, आणि वडिलांनी मंचाच्या कडेवर हाताने टाळी धरली.