मदत हवी आहे: म्हातारीचा आवाज मामांचा, फॉर्ममध्ये 'अभिनेता' लिहू की 'अभिनेत्री'?

कौलारू

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, पण एका चित्रपट महोत्सवाच्या फॉर्मची मुदत रविवारी रात्री संपतेय आणि आमच्या तिघांत चार मतं आहेत.

आम्ही तिघांनी नोकऱ्या सांभाळून ११ मिनिटांची एक मालवणी अ‍ॅनिमेशन फिल्म केली आहे. टूडी, कागदावर हाताने काढलेली. मुख्य पात्र एक म्हातारी. तिला आवाज दिलाय माझ्या मामांनी. मामा कुडाळकडचे, दशावतारातले जुने स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांच्या भूमिका करणारे कलाकार. आम्हाला म्हातारीसाठी दुसरं कुणी सुचलंच नाही.

रेकॉर्डिंग त्यांच्या माजघरात केलं, भिंतींना गोधड्या टांगून. एका वाक्याच्या मध्येच मामांना ठसका लागला. मी "परत घेऊया" म्हणणार, तेवढ्यात त्यांनी म्हातारीच्याच आवाजात "मेलो धूर!" म्हणून वाक्य पुरं केलं. संहितेत ना ठसका होता, ना धूर. म्हातारी तोवर अंगणात बसलेली होती. मैत्रिणीने ते ऐकलं आणि अख्खा शॉट चुलीपाशी नेला. हातात फुंकणी, ठसक्यासरशी म्हातारी मागे सरते, पदराने डोळे पुसते आणि उरलेलं वाक्य बोलते. ३.५ सेकंदांचं काम, सेकंदाला १२ चित्रं या हिशेबाने ४२ कागद. फिल्म पाहिलेला प्रत्येक जण त्याच जागेबद्दल बोलतो.

आता अडचण. फॉर्ममध्ये अभिनयाचे रकाने तीनच: अभिनेता, अभिनेत्री, बालकलाकार. दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका महोत्सवाला आम्ही मामांचं नाव 'अभिनेत्री'त घातलं, तर "पडद्यावर दिसणाऱ्या कलाकारांचाच विचार केला जातो" अशी दोन ओळींची मेल आली. नाव घेत नाही, माणसं बोलायला चांगली होती.

तर, आवाजाला अभिनय म्हणून कुठे कुणी मोजतं का? मोजत असतील तर बाई-पुरुष कसं ठरवतात? आणि फिल्म 'लघुपट'मध्ये घालू की 'अ‍ॅनिमेशन'मध्ये? दोन्हीत चालत नाही म्हणे.

वाफाळता_चहा

आधी वाईट बातमी. ऑस्करमध्ये नुसत्या आवाजाच्या भूमिकेला आजवर एकदाही अभिनयाचं नामांकन मिळालेलं नाही. पूर्ण लांबीच्या अ‍ॅनिमेशनपटाला वेगळं बक्षीस द्यायलाच त्यांना २००२ उजाडलं, ते 'श्रेक'ला मिळालं. त्याआधी बहुतेक 'विशेष' म्हणून गौरव. 'स्नो व्हाइट'साठी डिस्नेला १९३९ मध्ये एक मोठी बाहुली आणि सात छोट्या दिल्या होत्या. कौतुक गोड, पण स्पर्धेतलं बक्षीस नाही.

आता बरी बातमी. त्याच 'श्रेक'मधल्या गाढवासाठी एडी मर्फीला ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत सहाय्यक अभिनेत्याचं नामांकन होतं, नेहमीच्या हाडामांसाच्या नटांच्या रांगेत. 'फाइंडिंग नीमो'तल्या डोरीसाठी एलन डीजेनेरसला अमेरिकेतला सॅटर्न पुरस्कार मिळाला तोही सहाय्यक अभिनेत्रीचाच. म्हणजे रकाना तोच असला तरी परीक्षकांनी मनावर घेतलं तर आवाज त्यात बसतो.

एक उदाहरण अगदी तुमच्या मेलसारखं. 'हर' या चित्रपटात स्कार्लेट जोहान्सन क्षणभरही दिसत नाही, फक्त ऐकू येते. २०१३ मध्ये रोमच्या महोत्सवाने तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवलं आणि त्याच भूमिकेला गोल्डन ग्लोबने अपात्र ठरवलं. गंमत म्हणजे याच गोल्डन ग्लोबने वीस वर्षांपूर्वी 'अल्लादीन'मधल्या जिनीच्या आवाजासाठी रॉबिन विल्यम्सला विशेष पुरस्कार दिला होता. तेव्हा त्या मेलचं फार मनाला लावून घेऊ नका.

खर्जातला_सा

मी डबिंग स्टुडिओत कामाला आहे. बाई-पुरुष हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारतच नाही. निंजा हातोरीचा हिंदी आवाज मेघना एरंडे यांचा. अमेरिकन कार्टून मालिकेतला बार्ट सिम्पसन हा दहा वर्षांचा वांड पोरगा, त्याचा आवाज नॅन्सी कार्टराइट यांचा, आणि त्यासाठी त्यांना १९९२ मध्ये टीव्हीचं एमी मिळालं. एमीत आवाजाचा गट स्वतंत्र आहे, त्यात स्त्री-पुरुष वेगळे नाहीत. अ‍ॅनिमेशनवाल्यांचे स्वतःचे अ‍ॅनी पुरस्कार १९७२ पासून आहेत, तिथेही आवाजाचा गट एकत्रच. तुमचे मामा तिथे असते तर हा धागाच निघाला नसता.

फॉर्ममध्ये 'डबिंग' हा शब्द मात्र चुकूनही लिहू नका. डबिंगमध्ये चित्र आधी आणि आम्ही नंतर, समोरच्याचे ओठ बघून बोलायचं. 'पुष्पा'च्या हिंदीत श्रेयस तळपदेंनी केलं किंवा 'बाहुबली'च्या हिंदीत शरद केळकरांनी केलं ते डबिंग. त्यालाही अभिनय लागतोच, पण हातपाय बांधलेले असतात. तुमच्याकडे आवाज आधी झाला आणि त्यावरून चित्र निघालं. परीक्षकांना हा फरक सांगितल्याशिवाय कळत नाही. 'डबिंग' वाचलं की तो कागद ते ध्वनी विभागाकडे सरकवतात.

तिरपा_डोळा

थोडं विरोधात बोलतो, रागावू नका. ठसका मामांचा, मान्य. पण मागे सरणं, पदर, डोळे पुसणं हे कुणी केलं? ४२ कागद काढणाऱ्या मैत्रिणीने. मग अभिनय कुणाचा? गेल्या वर्षी, २०२५ मध्ये ऑस्कर मिळालेला लाटव्हियाचा 'फ्लो' बघा. एकही संवाद नाही, एकही माणूस नाही. त्यातलं मांजर तरीही नट आहे, आणि ते अ‍ॅनिमेटर्सनी घडवलंय. आणि आवाज आधी हा काही जगाचा नियम नाही. जपानमध्ये बहुतेक वेळा चित्रं झाल्यावर आवाज घेतात.

खर्जातला_सा

@तिरपा_डोळा, बरोबर. पण त्याच जपानमध्ये आवाजाच्या कलाकारांसाठी २००७ पासून स्वतंत्र सेइयू पुरस्कार आहेत. आधी की नंतर यावर त्यांनी अडवून धरलं नाही. मैत्रिणीचं नाव घालायला पाहिजेच, ते मी विसरलो होतो.

नारळाखाली

कोचीत राहते म्हणून लिहिते. केरळच्या राज्य पुरस्कारांत डबिंग कलाकारासाठी वेगळा पुरस्कार आहे, तमिळनाडूतही आहे. त्यामागची खदखद समजायची तर 'मणिचित्रताळु' हा मल्याळम चित्रपट आठवा. शोभनाला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आवाज भाग्यलक्ष्मी यांचा, आणि तिच्या अंगात नागवल्ली ही नर्तकी येते तेव्हाचा तमिळ आवाज दुर्गा यांचा. एका भूमिकेत तीन बायका, पदक एकीला. शोभनाचे डोळे आणि नाच बघता तिला मिळालं ते योग्यच, पण इथे अजून त्यावर जेवणाच्या टेबलावर वाद होतात.

फाईलबंद

राष्ट्रीय पुरस्कारांचं सांगतो, कारण पुढे तिकडे पाठवायचा विचार कराल. कथापटांत आवाजाच्या अभिनयाला काही नाही. नॉन-फीचरमध्ये, म्हणजे माहितीपट-लघुपटांच्या विभागात, 'निवेदन/व्हॉइस ओव्हर' आहे. 'वाइल्ड कर्नाटका'साठी डेव्हिड अ‍ॅटनबरोंना मिळाला होता, आणि २०२२ च्या चित्रपटांमधून 'मर्मर्स ऑफ द जंगल'साठी सुमंत शिंदेंना. दोन्ही माहितीपट. म्हातारीच्या भूमिकेला तिथे ओढूनताणून बसवावं लागेल.

अ‍ॅनिमेशनपटाचं तर विचारूच नका. २००६ च्या चित्रपटांपासून पूर्ण लांबीच्या अ‍ॅनिमेशनपटासाठी वेगळा पुरस्कार होता, पहिला तेलुगू 'किट्टू'ला. आता अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स असं सगळं एका गोणीत भरलंय. त्या गोणीतून २०२२ साठी 'ब्रह्मास्त्र' निघाला आणि २०२३ साठी 'हनुमान'. दोन्हीत नट चालताबोलता दिसतात. इफेक्ट्सवाल्यांची मेहनत मी नाकारत नाही, पण कागदावर म्हातारी काढणाऱ्याने तिथे कशाच्या जोरावर उभं राहायचं? लघुपटांत अजून अ‍ॅनिमेशनचा स्वतंत्र पुरस्कार आहे, 'अ कोकोनट ट्री'ला मिळाला तो. तुमची जागा ती. सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं, ते आत्तापासून बघा. मुंबईचा मिफ्फ महोत्सव दर दोन वर्षांनी असतो, माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनसाठीच. तोही यादीत ठेवा.

आत्ताच्या फॉर्मसाठी: 'अ‍ॅनिमेशन'मध्येच घाला. 'लघुपट'मध्ये घातलंत तर दोन खोल्यांत चाळीस मिनिटं भांडणाऱ्या जोडप्यांच्या गर्दीत तुमची म्हातारी चेंगरेल. अभिनयाच्या रकान्याबद्दल आयोजकांना आधी मेल टाका आणि उत्तर लेखी घ्या.

वाफाळता_चहा

आणि सोबत एक क्लिप जोडा. रेकॉर्डिंगचा व्हिडिओ आहे का? एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला म्हातारी. वर काही लिहायची गरजच नाही.

कौलारू

सगळ्यांचे आभार. एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.

आयोजकांना मेल टाकली. त्यांचं उत्तर आलं: आवाजाच्या भूमिकेचा विचार करू, पण रकाना तुमचा तुम्ही ठरवा. म्हणजे फिरून गाडी तिथेच. शेवटी मामांना फोन लावला. ते म्हणाले, "आवाजाक खंयची साडी गो? तुका व्हया तां लिव." मग मी 'अभिनेत्री' टिक करून शेऱ्यात लिहिलं: "म्हातारीची भूमिका. आवाज आधी ध्वनिमुद्रित, चित्रण त्यावरून." त्याखाली मामांचं आणि मैत्रिणीचं, दोघांची नावं. @तिरपा_डोळा, ते तुमच्यामुळे.

मामांचा व्हिडिओ आहे, मोबाईलवर सहज काढलेला. लुंगी, बनियन, हातात कागद, आणि तोंडातून म्हातारी. क्लिप कापायला बसलेय. एकच अडचण, ठसक्याच्या जरा आधी मागे मामांचा कोंबडा आरवतो. @खर्जातला_सा, ठेवू की काढू?

खर्जातला_सा

फिल्ममध्ये कोंबडा आहे?

कौलारू

नाही. अजून ५० कागद काढायला मैत्रीण तयारही नाही.

खर्जातला_सा

मग काढा. ठसक्याला हात लावू नका.