बाकीचे नुसतेच धडपडणारे?

‘चॅप्लिन, कीटन, लॉईड सोडले तर मूकपटांतले बाकीचे नुसतेच धडपडणारे’ हे मूकपटांतल्या विनोदवीरांबद्दलचं एक मत मला निम्मंच पटलं. घसरून पडण्याचा कंटाळा येतो खरा, पण चार्ली बॉवर्स राहिला की! हा मूळचा कार्टूनवाला. त्याच्या १९२६ च्या ‘एग्ड ऑन’ या मूकपटात अंडी न फुटणारी करायचं यंत्र आहे, आणि मोटारीच्या इंजिनाजवळ ठेवलेल्या अंड्यांतून चक्क इवल्या इवल्या फोर्ड गाड्या बाहेर पडतात. पिल्लांसारख्या! वस्तू हाताने जराशी हलवायची, एक चौकट टिपायची, असं एकेक चौकट करत केलेलं काम, तरी कुठे सांधा दिसत नाही.

पुढे गडी इतका विस्मरणात गेला, की फ्रान्समधल्या तुलूझच्या सिनेमाटेकला, म्हणजे जुने चित्रपट जपणाऱ्या संग्रहालयाला, त्याची रिळं मिळाली तेव्हा डब्यांवर फक्त ‘ब्रिकोलो’ हे फ्रेंच टोपणनाव होतं. हा बाबा कोण, इथून शोध सुरू!