'सिव्हिलियन'ला नागरिक म्हणायचं का?

भाषांतरवाली : साउथ सुदानच्या शांतिसेनेवरचा लेख मराठीत करतेय. 'प्रोटेक्शन ऑफ सिव्हिलियन्स'ला पेपरवाले सरसकट 'नागरिकांचे संरक्षण' लिहितात, पण नागरिक म्हणजे सिटिझन ना? सैनिकपण देशाचा नागरिकच असतो की. आणि 'अनइंटेंडेड'ला 'अनपेक्षित' चालेल का?

जुना_कारकून : 'मुलकी' जुना शब्द आहे, पण मुलकी लोक म्हटलं की मला तलाठी आठवतो. 'निःशस्त्र लोक' बघा.

कट्टेकरी : निःशस्त्र नको हो, तिथे घोळ नेमका त्यावरच झाला. डिसेंबर 2013ला राजधानी जुबात लढाई पेटली, हजारो माणसं जिवाच्या आकांताने यूएनच्या तळांकडे धावली आणि शांतिसेनेने गेट उघडली, ते बरोबरच केलं, नाहीतर किती मेली असती. पण हत्यार टाकून, वर्दी उतरवून काही लढणारेही आत आले, मग ते सिव्हिलियन की नाही? सरकार म्हणायला लागलं तुम्ही बंडखोर पोसताय. चार दिवसांचा आसरा म्हणून उघडलेल्या जागांत लोक वर्षानुवर्षं राहिले, एकेकाळी 2 लाखांवर आकडा गेला, शांतिसेना कुंपण राखण्यात अडकली, आणि बाया सरपणाला बाहेर पडल्या की त्यांच्यावर अत्याचार व्हायचे. त्यात जीव वाचवायला सगळे एका जागी गोळा झालेले, म्हणजे मारणाऱ्याला शोधायचेही कष्ट नाहीत. 17 एप्रिल 2014ला तिथल्या बोर शहरात निवेदन द्यायचं निमित्त करून जमाव आला नि तळात घुसून 40हून जास्त माणसं मारली.

जुना_कारकून : थोडक्यात करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

कट्टेकरी : नाही पटत. त्या म्हणीत हात कच्चा असतो, इथे गेट उघडणारा हात चुकला नव्हता. आणि 'अनपेक्षित' तर अजिबात नको. बोरला एकदा वाटेल अनपेक्षित, पण पुढे फेब्रुवारी 2016ला मलाकालच्या तळावरही हल्ला झाला, किमान 30 मेले. बोरनंतर ते कुणाच्या अपेक्षेबाहेरचं होतं? हेतू नव्हता एवढंच खरं, म्हणून 'अनुद्दिष्ट' लिहा. अनपेक्षित म्हटलं की सगळे सुटतात.

भाषांतरवाली : अनुद्दिष्ट वाचून संपादक मला फोन करणार. 'हेतू नसताना झालेले परिणाम' लिहिते, लांब आहे पण कळतं तरी. सिव्हिलियनला 'लढाईत नसलेले लोक' करतेय, हेडिंगमध्ये मात्र ते बसत नाही, तिथे 'सामान्य लोक' घालू का?

जुना_कारकून : घाला. तलाठी नको फक्त.