लॉच्या शैक्षणिक कर्जासाठी तारण: वडिलोपार्जित घर चालेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पेडण्यातल्या एका मुलीला गोव्याबाहेरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात पाच वर्षांच्या बीए एलएलबीला प्रवेश मिळालाय. एकूण खर्च १५ लाख. पाच टक्के, म्हणजे ७५ हजार घरचे, उरलेले १४.२५ लाख कर्ज. साडेसात लाखांवर बँक तारण मागते, आणि घोडं तिथंच अडलंय. घर आजोबांच्या नावावर, इन्व्हेंटरी (वारसांमध्ये मालमत्तेची कोर्टामार्फत वाटणी) झालेली नाही. शिवाय गोव्याच्या कायद्यानं नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात, त्यामुळे काका-काकू, आत्या आणि तिचे यजमान सगळेच आले.

इन्व्हेंटरीला साधारण किती महिने लागतात? तोवर मुदत ठेव किंवा एलआयसी पॉलिसी तारण ठेवून पहिला हप्ता कोणी सोडवून घेतलाय का?

दुसरं, गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज आणि बँकेचं उरलेल्या रकमेपुरतं कर्ज, दोन्ही एकत्र चालतात का? फरक मोठा आहे: दरवर्षी २.८५ लाख उचलले, तर दहा टक्के सरळव्याजानं अभ्यासक्रम अधिक एक वर्षात व्याजच ५.७० लाख होतं.

अनुभव असलेल्यांनी कृपया कागदपत्रांसह सांगा, फीची तारीख जवळ आलीय.