‘रायनो’ला मराठीत काय म्हणाल?

डॅलसकर : मंडळी, एक शब्द हवाय. इथे टेक्सासात गाडीत उजव्यांचा टॉक रेडिओ लावला की तासाभरात कोणीतरी ‘रायनो’ ठरतोच. आर-आय-एन-ओ, रिपब्लिकन इन नेम ओन्ली. उच्चार गेंड्याचा, पक्षाचं चिन्ह हत्ती, त्यामुळे व्यंगचित्रवाल्यांची चंगळ. मी एका लेखात ‘नामधारी रिपब्लिकन’ लिहिलं पण ते वाचून सह्याजीराव राष्ट्रपती डोळ्यांपुढे येतात. सुचवा काहीतरी.

तिरकस : नावापुरता रिपब्लिकन. झालं की, पुढे चला.

गावठी_पंडित : ‘नावापुरता’त राग कुठाय हो? नावापुरती फी, नावापुरती मीटिंग. ही तर शिवी आहे. मी म्हणेन अस्तनीतला निखारा.

तिरकस : मग सरळ गद्दार म्हणा ना.

गावठी_पंडित : नको, २०२२ पासून तो शब्द आपल्याकडे वेगळ्याच खात्यात जमा झालाय. आणि गद्दार निघून जातो, रायनो पक्षातच राहतो, दुखणं तेच तर आहे.

हडसनकाकू : शब्द नव्वदच्या दशकातला असला तरी भांडण जुनंच आहे. आधी पक्षातल्या मवाळांना ‘रॉकफेलर रिपब्लिकन’ म्हणायचे. नेल्सन रॉकफेलर आमच्या न्यूयॉर्कचे गव्हर्नर, १९६४ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या पक्ष-अधिवेशनात पक्षातल्या जहालांविरुद्ध बोलायला उभे राहिले तर कट्टर उजवे उमेदवार गोल्डवॉटर यांची माणसं हुर्यो करून बोलू देईनात. पण तेव्हा वाद निदान धोरणांचा तरी होता, सरकारी खर्च, नागरी हक्क वगैरे. आता वायोमिंगच्या रिपब्लिकन खासदार लिझ चेनी बघा, ट्रंप यांच्या पहिल्या टर्ममध्ये ९० टक्क्यांहून जास्त वेळा त्यांच्या बाजूने मत, तरी २०२१ मध्ये नेतृत्वातलं पद गेलं, त्या जागी आलेल्या एलिस स्टेफानिकचा हाच आकडा बराच कमी होता! पुढच्या वर्षी वायोमिंगच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारच ठरवतात त्या निवडणुकीत, चेनी सपशेल आपटल्या. म्हणजे दिल्लीच्या, सॉरी वॉशिंग्टनच्या पातळीवर रायनो म्हणजे ट्रंपना नडलेला माणूस, एवढाच अर्थ उरलाय.

डॅलसकर : काकू, राष्ट्रीय पातळीवर पटलं. पण राज्यात तो अर्थ चालत नाही, माझी अडचण तीच आहे. इथे २०२३ च्या नोव्हेंबरात खासगी शाळांसाठी सरकारी पैसे द्यायचं व्हाउचर बिल आलं तेव्हा २१ रिपब्लिकन आमदार डेमोक्रॅट्सबरोबर गेले आणि ते कलमच उडवलं. बहुतेक गावाकडचे. त्यांचं म्हणणं असं की आमच्या काउंटीत खासगी शाळाच नाही, स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळांचा कारभार, हाच गावातला सगळ्यात मोठा रोजगार, शुक्रवारी रात्री अख्खं गाव शाळेच्या फुटबॉल मॅचला, मग मी कशाला हात वर करू. गर्भपात, बंदूक, सीमा, सगळ्यावर हे लोक पक्के उजवे. तरी रायनो! गव्हर्नर अ‍ॅबट यांनी २०२४ च्या प्रायमरीत त्यांच्याविरुद्ध माणसं उभी केली, बरेच जण घरी बसले आणि २०२५ च्या मे महिन्यात बिलावर सही झाली, १ अब्ज डॉलरचं.

उजवाहात : दुसरी बाजू पण लिहा की राव. लोक रिपब्लिकन बहुमत निवडून देतात आणि सभागृहात कमिट्यांची काही अध्यक्षपदं डेमोक्रॅट्सना मिळतात, ही टेक्सासची जुनी रीत. स्पीकर डेड फेलन यांनी ती चालू ठेवली. हे मतदाराने का खपवून घ्यायचं? २०२४ च्या प्रायमरीच्या रनऑफमध्ये, म्हणजे दुसऱ्या फेरीत, फेलन ४०० पेक्षा कमी मतांनी वाचले पण स्पीकरपद सोडावं लागलंच, आणि २०२५ च्या नियमांत ती रीत बंद झाली. दुसरं म्हणजे आपल्यासारखा तिथे पक्षांतरबंदी कायदा नाही, व्हिप मोडला म्हणून आमदारकी जात नाही. मग मतदाराच्या हातात काय उरतं? प्रायमरी आणि ही शिवी. मला तरी शिवी रास्त वाटते, फक्त हल्ली स्वस्त झालीये.

तिरकस : म्हणजे ‘प्रायमरी करणं’ म्हणजे तिकीट कापणं.

उजवाहात : तिकीट आपल्याकडे वरून कापतात, तिथे खालून कापलं जातं. अर्थात अ‍ॅबटनी जे केलं ते वरूनच होतं म्हणा, पैसा ओतून.

हडसनकाकू : आणि गंमत, टेक्सासात मतदाराची पक्षनोंदणीच नसते. कोणीही उठून रिपब्लिकन प्रायमरीत मत टाकावं. फेलन डेमोक्रॅट्सच्या मतांवर तरले अशी ओरड झाली ती त्यामुळेच. जिथे मतदाराच्या नावापुढे पक्ष लिहिलेलाच नाही तिथे ‘नावापुरता’ कोण ते कसं ठरवायचं बाई!

गावठी_पंडित : मग बोलणारा कोण यावरून भाषांतर करा. रेडिओवाला बोलत असेल तर ‘आतून डेमोक्रॅट’. यात शिवी पण आली आणि संशय पण. वार्ताहराच्या तोंडी ‘पक्षाशी न जुळणारा’.

डॅलसकर : ‘आतून डेमोक्रॅट’ झकास. पण गावाकडच्या त्या आमदारांना हे चिकटवताना हात आखडतो, ते आतून-बाहेरून रिपब्लिकनच आहेत. तिथे ‘रायनो’च ठेवतो आणि एका वाक्यात शाळेचं प्रकरण सांगतो.

तिरकस : आणि गेंडा?

डॅलसकर : गेंडा चित्रात.